टाच आपटणारी संत्रेवाली

प्रिय रोसेर,

माझं नवं गाणं तुमच्या व्हॅलेन्सियात कोणीतरी गातंय. गेल्या आठवड्यात बेनेतने येऊन सांगितलं. बेनेत म्हणजे आमचा ट्रम्पेटवाला. भावाच्या लग्नाला तिकडे आला होता, बंदराजवळच्या एका लहानशा थिएटरात जाऊन बसला, आणि पडदा वर गेला तर समोर माझी 'संत्रेवाली'. शब्द तेच, चाल तीच. "तीनदा गायला लावलं लोकांनी तिला," म्हणाला, आणि वर मला धीर द्यायला, "पण बिसेंता, तुझ्यासारखी भरलेली नाहीये हं ती."

गाणं विकत घेतलं की ते घेणारीचं, तिच्याशिवाय कोणी गायचं नाही, ही आमच्या धंद्याची रीत तुला सांगायला नको. आईची पोवळ्याची कानातली त्यासाठीच गेली. पुढच्या महिन्यात ते पहिल्यांदा रंगमंचावर यायचंय आणि माझा अख्खा हिवाळा त्याच्यावर उभा आहे. आमच्या थिएटरचे मालक पुजाल्ते तर फिरलेच. म्हणाले, "दुसऱ्या गावाने चघळलेलं गाणं मी बार्सेलोनाला वाढणार नाही. चोर शोध, मग करारावर सही करतो. नाहीतर मासे विक." तुझ्या गाण्यापेक्षा तू विकलेले मासेच बरे लागतील, असंही पुटपुटले.

तेव्हापासून मी सगळ्यांकडे तिरक्या डोळ्यांनी बघतेय. आधी संगीतकार क्लिमेंत. त्याने गेलेल्या आईची शप्पथ घेतली. पण ती तो घरमालकासमोरही घेतो. मग ओबदुलियाबाई. आपली आई गेल्यापासून माझी 'आई' म्हणून त्या पगारावर दाराशी विणत बसतात. गायिकेच्या खोलीत आई दिसली की पाहुण्यांचे हात जागेवर राहतात. तालमी त्यांच्या कानावरच होतात, म्हणून एकदा त्या कॉफी आणायला गेल्या तशी मी त्यांची पिशवी उपसली. लोकरच निघाली. आणि त्या दारात उभ्या! "चोरायचंच असतं तर आधी आवाज चोरला असता, बाई," म्हणाल्या, आणि पुन्हा सुया चालवायला लागल्या. त्या दिवसापासून मला 'मुली' म्हणत नाहीत, 'बाई'च म्हणतात. मला ते लागलं. पण संशय काही गेला नाही.

आज बेनेतला पुन्हा बसवलं, चॉकलेट पाजलं, आणि ती बाई गाते कशी ते खोदून खोदून विचारलं. ध्रुवपदाच्या शेवटी मी पंखा खटकन मिटते. क्लिमेंतने चालच त्या आवाजासाठी बांधलीय आणि तालमीत दुसरं काही कधी झालेलं नाही. बेनेत म्हणाला, "छे, पंखाबिंखा नाही. ती टाच आपटते."

ईस्टरला मी तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू चुलीपाशी होतीस, मी शेंगा सोलत होते. तू म्हणालीस, "ताई, नवीन म्हण ना, कोणाला नाही सांगत." मांडीवर शेंगांचं टोपलं, पंखा पेटीत, म्हणून त्या जागी मी टाच आपटली. तू हसत सुटलीस. खालची म्हातारी झाडू घेऊन वर येईल म्हणालीस, आणि मग तूही आपटून पाहिलीस. माझ्यापेक्षा चांगली. तेव्हा मला किती कौतुक वाटलं होतं!

तुझी मागची दोन्ही पत्रं मी पुन्हा काढून वाचली. दोन्हींत तुझा घसा बसलाय. नुसतं पंखे रंगवायच्या कामाने घसा बसतो का गं, रोसेर? बेनेत सांगतो की ती बाई काळी जाळी हनुवटीपर्यंत ओढून गाते. चेहरा झाकणारी बाई एक तर कुरूप असते, नाहीतर कोणाची तरी कोणीतरी असते. आणि बेनेत म्हणतो, आवाजावरून ती कुरूप वाटत नाही.

टाचेचं मी अजून कोणाजवळ बोलले नाहीये. बेनेतला तर आपण काय बोलून गेलो याचा पत्ताही नाही. हे लिहितेय ते एवढ्यासाठी की येत्या शनिवारी पुजाल्ते वकिलाला घेऊन त्या थिएटरात येतायत, आणि गाणं ओळखायला मला सोबत आणतायत. पत्र तुला गुरुवारी मिळेल. त्या बाईला तू ओळखत असशील, तर तिच्यापर्यंत हे पोचव, आणि ओळखत नसशील, तर शनिवारी माझ्याबरोबर येऊन बस. तुझ्यासाठी जागा धरून ठेवते. तू आलीस तर तुझी माफी मागेन, भर थिएटरात मागेन. आणि जागा रिकामीच राहिली, पडदा वर गेला आणि ती गायला लागली, तर पुजाल्ते माझ्याकडे वळून विचारतील, "कोण ही?" मी काय सांगेन ते मला अजून ठाऊक नाही.

अजून तरी तुझीच,
बिसेंता