कोपऱ्यावरची भुलाबाई

प्रिय पुष्पांजली,

बाई, ऐकशील त उडशील! आपल्या गल्लीच्या तोंडचा उकिरडा गेला. पार गेला! फोनवर तू नुसतं हाव, हाव म्हणते अन् विषय बदलते, म्हणून कागदच घेतला हाती.

आपल्या निशिगंधाले डेंगू झाला, तवा डॉक्टर म्हणे, घराजवळ पाणी कुठं साचते ते पाहा. पाहाचं काय! तोच कोपरा. चहाचे कप, करवंट्या, प्लास्टिकच्या पन्न्या, अन् त्यात डासच डास. तू पोरीले घेऊन लोणारले माहेरी गेली. म्या एका शब्दानं अडवलं नाही. पण घर खायले उठते व माय. माहा गोकुळ रोज पोरीच्या चपला उचलते, पुसते, अन् परत उंबऱ्याजवळ ठेवते.

साऱ्या गल्लीशी भांडून पाह्यलं. उत्तमराव टपरीचे कप तिथंच फेके. म्हणे, सारेच टाकतात, मीच काऊन वाईट? मंग भुलाबाईचा महिना आला. दरसाली तिची मूर्ती आपल्या ओट्यावर बसते, रोज पोरी जमून गाणे म्हणतात. यंदा म्हटलं, कोपऱ्यावर बसवीन! शेजारची कोकिळा म्हणे, बाईचं डोकं फिरलं. फिरलं त फिरलं! टोपलं घेऊन जेवढं साफ झालं, तेवढ्या जागेत ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घातला. पोरी नाकाले ओढण्या लावून गाणे म्हणत. खिरापत झाकली, म्हटलं ओळखा. दरसाली वासावरून पटकन ओळखतात मेल्या! यंदा एकीलेही जमलं नाही. उत्तमरावची नात म्हणे, आजी, नुसता कचऱ्याचाच वास येऊन राह्यला. अन् आजा मांगंच उभा! त्याचं तोंड पाहाले तू पाह्यजे होती.

सकाळी पाहते त काय, उत्तमराव फावडं घेऊन हजर. मंग कोकिळा, मंग सारी गल्ली. ट्रॅक्टरभर कचरा निघाला व! टपरीसमोर आता ड्रम आहे, त्यातला कचरा घंटागाडी नेते. अन् काल खिरापतीचं झाकण हलवलंही नव्हतं, त पोरी ओरडल्या, गुळपापडी!

कोजागिरीले भुलाबाई उठते. त्या दिवशी पहिलं ओळखाचा मान निशीचा, साऱ्या पोरींनं कबूल केलं. जाताना तू रडत म्हणली होती, माह्या पोरीले या गल्लीत मोकळा श्वास घेता येईन, तवाच येईन. म्हणून त कोपऱ्यावर बसवली व भुलाबाईले. ये. घरात नको येऊ, आधी कोपऱ्यावरच उभी राय, अन् पोरीले म्हण, वास घे. तिनं खिरापत ओळखली, त राहा. नाही ओळखली, त मीच तुमाले परत बसमधी बसवून देईन.

तुझीच,
आतापासूनच गूळ किसत बसलेली सासू,
झुंबरबाई