सुळ्यावर टेकलेलं बोट

निलंगा,
रविवार

प्रिय समीक्षा,

सप्रेम जयभीम. पाकीट बघून तू म्हणशील, मोबाईलच्या जमान्यात सरांना हे काय सुचलं! दोनदा फोन लावला बाई. पण तुझा आवाज ऐकला की मी आपलं नर्सिंगचा अभ्यास कसा चाललाय, नांदेडला होस्टेलचं जेवण बरं आहे का, असलं काहीबाही विचारून ठेवून द्यायचो. बोलायचं ते तोंडातच राहायचं. तू बारावीत धनुष्य खाली ठेवलंस, त्याला चार वर्षं झाली. चूक कोणाची होती, तुझी की माझी, याचा छडा मला आत्ता महिनाभरात लागला. तो सगळा लिहून काढतो. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

सुरुवात माझ्या दातांपासून करावी लागेल. कंधारच्या शाळेत होतो तेव्हाच माझा उजवीकडचा सुळा आणि दाढा पडल्या होत्या, तंबाखूची कृपा. तुम्ही पोरं मागं गाल आत ओढून माझी नक्कल करायची आणि त्यात तू पुढं असायचीस, मला सगळं ठाऊक आहे. निवृत्त होऊन गावी आलो तसे उरलेले दातही गेले. यंदा पाडवा झाल्यावर आमच्या सौ. उमाबाईनं मला धरून लातूरला नेलं आणि कवळी बसवून आणली. पंधरा दिवस भाकरी चावता येईना. 'शिवशिव' म्हणायला गेलो की शिट्टी वाजायची.

एक दिवस सकाळी पूजा आटोपली, तीन बोटांनी कपाळाला विभूती लावली आणि हात न पुसताच अंगणात जाऊन एका धनुष्याची नवी दोरी ओढून बघितली. इथं मी अजून पाच पोरींना शिकवून राहिलोय ना, त्यांचीच बांबूची धनुष्यं. घरात आलो तर उमाबाई हसायलाच लागली. कपाळावरची विभूती तोंडावर कशी उतरली, म्हणे. आरशात बघितलं तर ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका. विभूती लावायची तीन बोटं आणि दोरी ओढायचीही तीच तीन, हे इतक्या वर्षांत कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पण नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आपण ज्याला अँकर म्हणायचो, ओढलेला हात चेहऱ्यावर जिथं येऊन टेकतो ती जागा, ती माझी कितीतरी वर्षं हनुवटीखाली. मग आज बोट आपणहून वर कसं गेलं? तोंड धुतलं, पुन्हा विभूती घेतली, पुन्हा ओढलं. डोळे मिटून ओढलं. वीसदा ओढलं असेल. ठिपका दर वेळी तिथंच, कवळीतल्या सुळ्यावर. मग कवळी काढून ओढलं, तर गालभर पांढरं, एकदा इथं आणि एकदा तिथं. आत आधारच नाही तर बोट टेकणार कशावर? उमाबाई म्हणाली, साठी उलटल्यावर आता पावडर लावून आरशासमोर उभं राहायची हौस आली. म्हणू दे. कवळी घाल, काढ, दोरी ओढ, असं करण्यात माझा चहा पार थंड होऊन गेला.

ओठाच्या कोपऱ्याचा भरवसा नाही, हनुवटीचं हाड पक्कं, असं मी तुम्हाला छातीठोकपणे शिकवायचो. ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं गं, माझ्या बोळक्यातलं होतं. त्यात मोबाईलवर परदेशातले खेळाडू हनुवटीखाली हात टेकवताना बघितले आणि वाटलं, बघा, मीच बरोबर. त्यांच्या धनुष्याला नेम धरायला साईट असते. आपल्या बांबूला नुसता डोळा आणि बाण. मग बाण डोळ्याच्या जितका जवळ तितकं सोपं, एवढा साधा विचार मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर खडू कुटून नेला. विभूती नेली नाही, पोरी नाना जातीधर्मांच्या घरच्या आहेत. सगळ्यांना बोटांना खडू लावून, डोळे मिटून दहा-दहा वेळा ओढायला लावलं. अंबिकाचा ठिपका गालाच्या हाडाखाली, शिवानीचा ओठाच्या कोपऱ्याला, आणि एकीचा खरंच हनुवटीवर. ज्या पोरीची जी जागा, ती दहाही वेळा तीच निघाली. मला तर आता नादच लागलाय. एसटीत बसलो की समोरच्या माणसाचा जबडा निरखत बसतो. परवा एका बाईनं तोंडावर पदर ओढून घेतला, तेव्हा कुठं भानावर आलो.

मग रात्रभर तुझाच विचार. जुना फोन शोधून काढला, चार्ज केला. त्यात तुझा एक व्हिडिओ सापडला, लातूरच्या विभागीय स्पर्धेच्या नऊ दिवस आधीचा. तुझा तो वर आलेला सुळा, ज्यावरून पोरी तुला चिडवायच्या, त्यावर तुझं बोट येऊन टेकतं. थांबवून थांबवून बघितलं. अकरा बाण आहेत आणि अकराही वेळा बोट सुळ्यावरच. सगळे बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात गेले असं नाही, खोटं कशाला बोलू. पण अकराच्या अकरा एका टोपलीखाली झाकता आले असते. आणि शेवटी माझाच आवाज येतो, "समीक्षा, हात खाली घे, हनुवटीखाली."

लातूरला तुझे बाण निशाणाच्या वरून गेले. जाणारच, त्या दिवसापासून तू माझं ऐकून हात खाली घेतलास. मागचा हात खाली आला की बाणाचं तोंड वर होतं, आणि नऊ दिवसांत नवी जागा कोणाच्याच अंगात मुरत नाही. दर बाणानंतर तू माझ्याकडं बघायचीस आणि मी लांबून हनुवटीला बोट लावून दाखवायचो. नाचता मला येईना आणि अंगण तुझं वाकडं ठरवलं. आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मागच्या आठवड्यात लातूरला गाडी बदलून कंधारला गेलो, तुझ्या वडिलांना भेटायला. स्पर्धेहून परत आलो त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी येऊन केरबाभाऊंना म्हणालो होतो की पोरीत दम नाही, तिला या नादातून सोडवा. तुला हे माहीत नाही, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो. आता त्यांना कवळीपासून व्हिडिओपर्यंत सगळं सांगितलं आणि हात जोडून माफी मागितली. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "सर, मला कामून सांगून राहिले? म्या तर तवाच सोडून देलं. पोरगी आत व्हती, दाराआड. तिनं ऐकलं. तिला सांगा." परतीच्या गाडीत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते ऐकूनसुद्धा तू दर शिक्षकदिनाला मला फोन करत राहिलीस, पोरी. समीक्षा, दम तुझ्यात होता. जागाही तुझीच बरोबर होती. चुकलो मी. धनुष्य परत उचल असं सांगायचा मला आता हक्क नाही, ते तुझं तू ठरव. पण दाराआड जे ऐकलंस ते खोटं होतं, एवढं तुला सांगायला हे पत्र लिहिलं.

तुझाच,
गुरुलिंग सर