माझ्यासमोर चालणारा गिझर

१२ डिसेंबर, शुक्रवार
बाथरूमची खिडकी बंद केली. तिचा खरा खर्च: पत्रा माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातला, फुकट. सिलिकॉनची एक ट्यूब. स्टुलावर हात वर करून कमरेत उसण भरली, ती वेगळी. हाताला लागलेलं सिलिकॉन सौ.च्या नव्या टॉवेलला पुसलं, त्यामुळे दुपारभर अबोला.

पण काम फक्कड. आता वारा आत यायचा म्हटला तर माझी परवानगी लागेल.

अक्कासाठी केलं सगळं. गुडघे दाखवायला मनमाडहून आलीय. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. निदान थंडी संपेपर्यंत तरी इथून हलू द्यायची नाही.

स्नेहल (सूनबाई) म्हणाली, "पप्पा, आत गॅसचा गिझर आहे. थोडी फट तरी ठेवा." म्हटलं, दाराखाली आहे की फट. संध्याकाळी अक्का म्हणाली, त्या फटीतून पायांना गार लागतं. लगेच रबराची पट्टी ठोकली. विषय संपला.

१४ डिसेंबर, रवि.
अक्काच्या अंगाला साबण आणि गिझर बंद. आतून आरोळी, "बाळ्या, तुझं यंत्र मेलं रं!" मी त्रेसष्ट वर्षांचा. सोसायटीत सगळे साहेब म्हणतात. आता बाळ्या म्हणतील.

तिची आंघोळ झाल्यावर गेलो. दोन्ही सेल बदलले. नळ सोडला. टिकटिक, भप्प, पेटला. बराच वेळ उभा राहिलो. ज्योत निळी, आवाज एकसुरी, दमदार.

सौ. म्हणाली, "तुम्ही समोर असलात की चालतो. वचक आहे तुमचा."
चेष्टाच होती, पण खोटं काय त्यात? आडगावचा बागाईतदार फोन मोटारीजवळ धरतो आणि मी इथून बेअरिंग गेलं म्हणून सांगतो. चाळीस वर्षं मोटारी भरल्या त्या या कानांवर.

१७, बुध.
पुन्हा तेच. आम्हा बाकीच्यांच्या आंघोळी म्हणजे दोन तांबे आणि बाहेर. अक्का गुडघे शेकत बसते, नेमका तेव्हाच विझतो.

सिलेंडर बदलला. रेग्युलेटर बदलला. पाण्याच्या तोंडाची जाळी काढली तर क्षारांनी गच्च. म्हटलं, सापडला चोर! लिंबात बुडवून घासली, आतलं रबरही नवं टाकलं. बादलीवर बादली भरली, एकदाही अडखळला नाही. स्नेहलला मुद्दाम बोलावून दाखवला.
ती म्हणाली, "आत्ता चालतोय हो. मेकॅनिकला एकदा दाखवूया ना?"
"मग मी कोण?"
नंतर ओट्याशी सौ.ला म्हणत होती, "यांना सांगायचं कुणी?" मी हॉलमध्ये, टीव्ही चालू, तरी ऐकलं.

लिहून ठेवतो: हा गिझर माझ्यासमोर एकदाही बंद पडलेला नाही. यंत्राला माणूस कळतो.

रात्री अक्का जेवली नाही. डोकं ठणकतंय, मळमळतंय. पित्त असणार. सौ.ने कोकम दिलं.

१९, शुक्र.
स्नेहलने परत खिडकीचं काढलं. म्हटलं, खिडकी गिझरला पाणी देते का? गॅस देते का? मग? ती सांगायला लागली, तसा मी टीव्हीचा आवाज वाढवला.

अक्काने पिशवी भरायला घेतलीय.
"सोमवारी जाते मी. आमचा बंब बरा. अंगणात पेटवायचा, धूर आभाळात. तुझ्या न्हाणीत गेलं की डोकं लय गरगरतं रं."
"अक्का, डॉक्टरची तारीख आहे पुढच्या आठवड्यात."
"गुडघे काय, मनमाडलाबी दुखतील."
सगळे हसले. मी नाही हसलो. तिला इथे सुख लागावं म्हणून तर एवढा खटाटोप.

म्हटलं, उद्याचा दिवस दे. उद्या बिघाड सापडला नाही तर मी स्वतः स्टेशनवर सोडीन.

२०, शनि.
आजचं आजच लिहितो.

सकाळी अक्काच म्हणाली, "एवढे कान हायत ना तुला? मग बस दाराबाहेर नि ऐक." बसलो स्टूल टाकून. ती आत. गुडघ्यामुळे कडी लावत नाही, नुसतं दार लोटते. माझी पट्टी इतकी घट्ट की दार आपोआप चिकटून बसतं.

पेटला. छान आवाज. अक्का काहीतरी गुणगुणत होती. मग आवाज हळूहळू खाली यायला लागला. पाण्याचा नव्हे, ज्योतीचा. व्होल्टेज पडल्यावर मोटार ओढते तशी धाप. असा आवाज या गिझरचा मी कधीच ऐकला नव्हता. आणि गुणगुणणं थांबलेलं.

"अक्का?"
दारावर थाप मारली.
"अक्का!"

सौ.ला ओरडलो. ती आणि स्नेहल आत घुसल्या. अक्का पाटावर, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे अर्धे उघडे. गिझर तोवर विझला होता. चादरीत गुंडाळून तिला गॅलरीत आणलं. गार वारा सुटला होता, तोच कामी आला. पहिले शब्द, "लुगडं कुठंय माझं?" सौ. रडायलाच लागली.

दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला. डॉक्टरने एवढंच विचारलं, "बाथरूमला खिडकी आहे?" स्नेहलने माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर बरं होतं.

दुपारी घरी आलो. पत्रा उचकटून काढला, पट्टीही. उसण पुन्हा भरली.

२१, रवि.
अक्का घरी आली. चहा मागितला, साखर कमी म्हणून तक्रार केली, म्हणजे बरी आहे. गिझरचं गॅसचं कनेक्शन मी काढून ठेवलंय. पाणी आता शेगडीवर, पातेल्यात तापतं. स्नेहल म्हणते, गिझर बाहेर गॅलरीत घेता येईल. विचार करतो म्हटलं. तिला 'तुझं बरोबर होतं' एवढं म्हणायचं राहिलंय. जीभ उचलत नाही.

अक्काची पिशवी भरलेली, दाराशी. चपला मात्र अजून आतल्या खोलीत. उद्याचं विचारलं तर म्हणाली, "सकाळचं सकाळी."

गिझरमध्ये बिघाड नव्हता, हे मी आजही कुणाहीसमोर छातीठोक सांगीन. सेल ठीक, जाळी ठीक, रबर ठीक. माझ्यासमोर एकदाही बंद पडला नाही, हेही खरं.

मी तपासायला उभा असायचो तेव्हा दार उघडं असायचं.