पाच संगणक, एक क्रमांक

प्रिय रजत,

वाचनालयात तू बसवलेले संगणक झकास चालतात. दारापाशी उभ्याने पुस्तक शोधायचे तीन, आत टेबलावर दोन. खैरलांजीहून बसने येणारी मंजू आतल्या संगणकावर नोकरीचे अर्ज भरते आणि मला माऊस धरायला शिकवते. मी चुकले की हसते. मी डोळे वटारते, तरी हसते.

माझी खोड तुला ठाऊक आहे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आल्या तरी दोन दाखल क्रमांक. लहानपणी तुझ्या दप्तरावरही मी वाचनालयाचा शिक्का मारला होता. किती रुसला होतास! त्याच सवयीने संगणकांची नोंद करायला बसले. मंजूने प्रत्येक पडद्यावर विंडोजचा परवाना क्रमांक काढून दिला. पाचही ठिकाणी एकच. एका संगणकाचा परवाना तू पाचांवर चढवलास.

फोनवर म्हणालास, "आई, बालाघाटात कोन पाहून राह्यलं?" मी पाहून राह्यले! अध्यक्ष देवेंद्रजी तर भर बैठकीत म्हणाले, "बाई, पोरगं तुमचं, प्रमाणपत्रावर सही तुमची, मग अडलं काहून?" मी म्हटलं, म्हणूनच अडलं. पुस्तकाची अख्खी झेरॉक्स काढणाऱ्या वाचकाचं कार्ड मी बंद करते. पोरासाठी वेगळा नियम कुठून आणू?

मग मीच चौकशी केली. आतल्या दोघांवर अर्ज आणि टायपिंग चालतं. त्यांना विंडोजचे दोन खरे परवाने. दिवसभर माणसं कितीही बसोत, परवाना दर संगणकाला एक. दारापाशच्या तिघांवर फक्त पुस्तकांची यादी पाहायची. तिथे विंडोजऐवजी लिनक्स पुरे. ते फुकट, आणि राजरोस वाटलेलं. "लिनक्स इथं कोनाले येते?" समितीने विचारलं. मंजूला येत नाही, मलाही नाही. शिकू. या वयात माऊस धरला, हेही धरेन.

भरवेलीच्या वाचनालयाचं काम तुला हवं आहे, आणि ते मिळायला इथले सगळे परवाने खरे असल्याचं, सचिव म्हणून माझं प्रमाणपत्र लागतं. देवेंद्रजींनी कागद अडवला का, असं तू रोज विचारतोस. त्यांनी नाही. मी अडवला. हे दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून लिहिते आहे. भरवेलीचं काम हातचं गेलं तर जाऊ दे. खोट्यावर माझी सही होणार नाही. रविवारी नागपूरहून ये आणि पाचही संगणक स्वतःच्या हाताने पुसून पुन्हा बसव. मी शेजारी बसेन, पेन उघडं ठेवून.

तुझीच, पण वाचनालयाचीही,
आई