हलकी चाकं की जड?

शिरूर, मंगळवार, १३ जानेवारी १९५९

अजून डोक्यात तेच घोळतंय. दौंडच्या रस्त्यावरल्या खडीनं माझ्या सायकलची चाकं पार खिळखिळी केली, म्हणून आज सायकलवाल्या आप्पांनी दोन नवे जोड पुढ्यात ठेवले. एक पुण्याहून आलेला, हलका. दुसरा लोखंडी, जड. मार्था दौंडला दवाखान्यात नर्स, मी इथं मास्तर. लग्न झाल्यापासून नवरा-बायकोची भेट फक्त रविवारी.

हलक्या चाकांवर तासभर तरी आधी पोचेन. तेवढी ती जास्त मिळेल! हात त्यांच्याकडेच गेला होता.

तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मास्तर, ही पळत्याल झकास. पण मागं कुणी बसायचं हाय का? मग न्हाई टिकायची."

मार्थाला शिरूरच्या दवाखान्यात जागा कधी मिळेल, की मिळणारच नाही? मागं कुणी बसायचं आहे का... तोंडातून निघून गेलं, "व्हय आप्पा, बसायचंय."

जड चाकं बसवून आणली. आता चढावर दम काढतील. रविवारी मला उशीर होईल आणि मार्था दारातच म्हणेल, "किती वाट पाहायची हो?"

मीही तिला तेच विचारणार आहे.