रत्नदीपच्या संगीताची चौकशी

समुद्रपूर,
२० जानेवारी

चि. गुलाब यास,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो असे कळले, समाधान वाटले. माझी प्रकृती वयाच्या मानाने तक्रार करण्याजोगी नाही.

तुझ्या सौ. भागीरथेने अल्लीपुरात पसरवलेले वर्तमान प्रथम दुरुस्त करतो. "भासरे (म्हणजे मी, तिचा थोरला दीर) पोराच्या खोलीत नाचले" हे विधान असत्य आहे. माझा केवळ उजवा पाय हलत होता, तोही मोजणीसाठी. डावा अखेरपर्यंत स्थिर होता. (भागीरथा दारात उभी होती. तेथून डावा पाय दिसत नाही.)

तुझ्या लेकीने, जागृतीने, वर म्हणून निवडलेला रत्नदीप संगणकावर नाचाचे संगीत तयार करतो आणि परदेशातील लोक ते विकत घेतात, एवढे ऐकूनच तू चौकशी माझ्यावर सोपवलीस. माझा कौल येईपर्यंत संमती नाही, असेही पोरीला बजावलेस. तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून मी हयात घालवली. ज्या मालाला पोती लागत नाहीत, त्या मालाविषयी संशय धरणे मी कर्तव्य समजतो.

खोलीत पेटी नाही, तबला नाही. एक संगणक, दोन काळी खोकी, आणि भिंतींना चिकटवलेला गादीचा स्पंज (आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, असे तो म्हणाला. ज्याचा धंदा उजळ माथ्याचा, त्याने आवाज का लपवावा?). मी प्रकारवार व्याख्या मागितल्या. हाऊस म्हणजे चार समान ठोके, मिनिटाला सुमारे सव्वाशे, आणि वर एखाद्या बाईचे आर्जव. हिंगणघाटच्या कापूस जिनिंगमध्ये हे मी फुकट ऐकले आहे. बाई तेवढी नव्हती. टेक्नो म्हणजे तेच ठोके, पण माणूस वजा केलेला. ट्रान्समध्ये सूर चढत जातात, आता काहीतरी येणार असे वाटत राहते, आणि येत काहीच नाही (नागपूर गाडीची घोषणा झाल्यावर आपल्या बसस्थानकावर हीच अवस्था होते). ड्रम अँड बेसमध्ये ढोल धावतो आणि खर्ज रेंगाळतो. गोऱ्हा आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपावेत तसे. डबस्टेप लागताच, शेजारी बोअर खोदणारी गाडी आली असे समजून मी खिडकीत गेलो. शेवटचा अँबियंट. त्यात ठोकाच नाही. वीज गेली असावी म्हणून मी सौजन्याने गप्प बसलो, तर हा डोळे मिटून म्हणतो, "बाबाजी, चालूच हाये."

एकच माल सहा नावांनी खपवला जात असावा, असा माझा तर्क झाला. म्हणून हाऊसचा एक तुकडा मी मोबाईलवर गुपचूप टिपून ठेवला. पुढच्या भेटीत (त्या दिवशी जागृती आणि भागीरथा घर पाहायला आल्या होत्या) तोच ऐकवून विचारले, हा प्रकार कोणता? पोरगा म्हणाला, "टेक्नो." चोर सापडला! मी त्याचीच आधीची व्याख्या त्याच्यापुढे ठेवली.

जागृती चवताळली. "मोठे बाबा, त्याले काऊन छळून राह्यले? नवरा पाहाले आले का धाड टाकाले?"

रत्नदीपने मात्र तुकडा पुन्हा लावला, डोके खाजवले आणि म्हणाला, "बाबाजी, मलेच नाई समजून राह्यलं. दोन्हीच्या मधातलं हाये. यावरून लोकं भांडतात. तुमीच पाय टेकवून पाहा, काय वाटते ते."

मी पाय टेकवला. पुढचे भागीरथेने सांगितलेच आहे, चुकीचे.

गुलाब, माझ्या टेबलासमोर पुष्कळ लबाड उभे राहिले. "मला समजत नाही" असे त्यांपैकी एकानेही कधी म्हटले नाही. तेव्हापासून माझा संशय बळावला आहे: मुलगा खरा असावा.

तुझा थोरला भाऊ,
डोमाजी

ता. क. भागीरथेने सांगितलेल्या तारखा पुढीलप्रमाणे सुधारून घ्याव्यात.

४ जानेवारी : पहिली भेट व व्याख्या. (३ नव्हे.)

११ जानेवारी : सापळा. पाय (उजवा).

१४ जानेवारी : चष्मा विसरल्यामुळे पुन्हा जावे लागले. चष्मा नाकावरच होता. तथापि तोवर ट्रान्स सुरू झाला होता आणि मध्येच उठणे अशिष्ट दिसले असते.

१८ जानेवारी : रत्नदीपच्या वडिलांना तुझ्या वतीने होकार दिला.

८ फेब्रुवारी : साक्षगंध. साखरपुड्याचे सभागृह ठरले आहे.

तुझे संमतिपत्र उलट टपाली पाठवावे. त्यावर तारीख मात्र १७ जानेवारी घालावी.