तेरा महिन्यांचं वर्ष

सुलतानपूर,
१० ऑक्टोबर २०२६

ती. स्व. संजीवनीमावशीस,
सा. न. वि. वि.

फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो, म्हणून पत्र. पिंपळगाव राजाच्या स्थळाला बाबांनी होकार दिला. मुलगा वाईट नाही, पण त्यांना सून अमरावतीच्या वसतिगृहात नको. म्हणजे माझं एम.एस्सी. बंद. बाबांचं एकच, की आजी गेलेल्या घरात लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं. तीन वर्षं ते लोक काही थांबायचे नाहीत.

मी म्हटलं, बुधावर असतो तर आपली तिन्ही वर्षं सरलीसुद्धा असती. शुक्राचं तर स्वतःभोवती एकदा फिरून होईपर्यंत वर्षच संपतं. बाबा म्हणाले की तिकडे चांगलं स्थळ असेल तर सांग, तेही पाहून येतो.

पण गंमत ऐक. अकरा नोव्हेंबरला आजीला वर्ष होतं, आणि मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरच! बाबांच्या हे लक्षात आलेलं नाही. तू आल्याशिवाय कुंकवाचा कार्यक्रम होणार नाही, तो तेवढा दिवाळीपर्यंत लांबव.

तुझी
प्रतीक्षा

धामणगाव बढे,
१७ ऑक्टोबर

चि. प्रतीक्षास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांना कळवलं की कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, दिवाळीआधी येणं होत नाही. भाऊजी लगेच बरं म्हणाले, याचंच नवल वाटलं.

मलाही असंच वर्षाच्या आत उजवलं होतं, बारावीचा निकाल लागायच्या आधी. शनी एका राशीत अडीच वर्षं बसतो, म्हणजे त्याची फेरी तीस वर्षांची ना गं? मग माझ्या लग्नाला शनीचं एक वर्ष होत आलं. तुझं तसं होऊ देणार नाही.

तुझी मावशी

सुलतानपूर,
१३ नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस,
सा. न.

परवा मी हरखून बाबांना सांगितलं की वर्ष झालं. ते रागावलेही नाहीत. पंचांग उघडून म्हणाले की वर्ष तिथीनं धरतात, आणि यंदा अधिक महिना आला. आजीची तिथी तीस तारखेला आहे. लग्न सव्वीसला.

मला सगळ्या ग्रहांची वर्षं पाठ, अन् आपल्या घरचं वर्ष तेरा महिन्यांचं हे कळलं नाही! उन्हाळ्यात तुझ्याकडे जयमालाताईच्या नवऱ्याला धोंड्याच्या महिन्याचं जेवण केलं, तेव्हा धोंडे मीच लाटले होते.

बाबा म्हणाले की दुसऱ्या अटॅकनंतर त्यांना स्वतःचा तीन वर्षांचा भरवसा वाटत नाही. मावशी, काहीतरी कर.

प्रतीक्षा

धामणगाव बढे,
१८ नोव्हेंबर

चि. प्रतीक्षास आशीर्वाद.

धोंडे मी वाढले, मलेही सुधरलं नाही, ध्यानातच आलं नाही. भाऊजींशी भांडायला फोन केला, पण त्यांनाच रडू आलं. मग पिंपळगावला फोन लावला. ते गोड बोलले, म्हणाले की एक वर्ष जाऊ द्या, मग शिक्षणाचं पाहू. कोणत्या ग्रहावरचं वर्ष, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझ्यानं काही होत नाही, पोरी. हळदीला येते.

लोभ असू दे, रागही असू दे.

तुझी मावशी